चंपीच्या मार्फत

"बकरी तुमच्याशी बोलते?" मी विचारलं.

"बोलते ना जी," सिंधू गावंडे म्हणाली.

"रोज?"

"रोज. सकाळी तं लयच."

मी शांतपणे पेन उचललं. शांतपणे असं आपलं म्हणायचं. आतून मला उड्या मारायच्या होत्या. पाच महिने त्या खोलीत बसून मी माश्या मारत होते आणि आज पहिल्यांदा एक माणूस समोर बसून माझ्या पुस्तकातलं काहीतरी बोलत होतं.

"काय काय बोलते ती?"

"हेच. पानी तापलं का, भाजीत मीठ कमी हाये, कोंबड्यायनं वाळवन खाल्लं. अन् ही नोकरी बी तिच्याच्यानंच समजली. अंगनवाडीत जागा निघाली, दहावी पास बाईनं घरी बसून कायले कुजाव, फारम भर म्हने."

"बकरी म्हणाली, फॉर्म भर?"

"हो जी. मी कामावर गेली की पोरीले कोन पाहीन, थेही तिच्यापाशीच ठरलं. पोरगी घरी राहीन, काळजी नोको करू म्हने."

"बकरी सांभाळणार? आठ महिन्यांच्या मुलीला?"

सिंधूनं पदर तोंडाला लावला आणि खुदकन हसली. मग हसू आवरून तिनं माझ्याकडे जरा काळजीनंच बघितलं.

"म्याडम, तुमच्या घरी बकरी नाही?"

"नाही. पुण्यात फ्लॅटमध्ये कोण बकरी पाळतं?"

"मंग तुम्ही घरी बोलता कसे?"

पुस्तकात लिहिलंच होतं की रुग्ण आपल्याला प्रश्न विचारू लागला तर त्यात अडकू नये. मी वहीत लिहिलं, 'प्राण्याचे आवाज ऐकू येतात. त्या आवाजाच्या आज्ञा पाळते.' आणि 'आज्ञा' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. पुण्याहून मानसशास्त्रात एम. ए. करून वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून रुजू झाले होते. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक मला अजून 'बकरीवाल्या म्याडम' म्हणतात, तेवढं पुरे.

मला मिळालेल्या खोलीत आधी बेडपॅन ठेवत असत. ते हलवून एक टेबल, एक पंखा आणि तीन खुर्च्या ठेवल्या होत्या. तिसरी खुर्ची सगळ्यात महत्त्वाची, कारण ती रिकामी ठेवायची असते. रुग्णानं त्या खुर्चीत आपला नवरा किंवा बाप किंवा जो कोण नडत असेल तो बसला आहे असं समजायचं आणि मनात साचलेलं सगळं त्या खुर्चीला सांगायचं. पद्धत परदेशातली, आणि माझी फार लाडकी. अडचण एवढीच होती की त्या गावात खुर्ची रिकामी राहतच नसे. पंखा सुरू दिसला की बाहेरच्या रांगेतला कुणीतरी आत यायचा, "कोनी नाही ना इथी?" म्हणायचा आणि बसायचा. मग शेवंतामावशी त्याला पाणी आणून द्यायच्या. शेवंतामावशी दवाखान्यातल्या आया. साठीला टेकलेल्या, तोंडात कायम सुपारी, आणि आल्यागेल्याला पाणी विचारल्याशिवाय चैन नाही.

माझ्याकडे कुणी फिरकत नाही हे बघून डॉक्टर खोब्रागड्यांना माझी दया आली. ते दवाखान्याचे मुख्य. त्यांनी फर्मान काढलं की नोकरीसाठी तब्येतीचा दाखला हवा असेल त्यानं आधी समुपदेशन कक्षात जाऊन 'मानसिकदृष्ट्या सक्षम' असा शिक्का आणावा. शिक्का करून आला. नवाकोरा, लाकडी मुठीचा. मी तो दोनदा माझ्या हातावर मारून बघितला होता.

त्या शिक्क्यासाठी आलेली पहिली बाई सिंधू. गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिची निवड झाली होती. सोमवारी दुपारी बारापर्यंत दाखला हजर केला नाही तर जागा यादीतल्या दुसऱ्या नंबरला जाणार होती. दुसरा नंबर सरपंचांच्या भावजयीचा होता आणि तिनं म्हणे कामावर जायची साडीसुद्धा काढून ठेवली होती.

सिंधू आली तो शुक्रवार होता. मी शिक्का मारला नाही. डॉक्टरांना लांबलचक चिठ्ठी लिहिली की हिला दाखला देऊ नये, पुढच्या तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवावं. चिठ्ठीत सात अवघड शब्द होते, मी मोजले होते.

"झालं का जी?" सिंधूनं उठताना विचारलं.

"थोडं बाकी आहे. उद्या मी तुमच्या घरी येईन. सगळ्यांशी बोलायचंय."

"या ना," ती आनंदानं म्हणाली. "चंपी बी घरीच हाये."

संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. आई होती. आईच असायची. वडील पोस्टात होते, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. मी बँकेच्या परीक्षेत पास होऊनही बँकेत गेले नाही आणि 'वेड्यांच्या शास्त्रा'तच नोकरी करणार म्हणाले, त्या दिवशी आमचं जे वाजलं ते वाजलंच. त्याला आता चौदा महिने झाले होते. फोनशेजारीच त्यांची आरामखुर्ची होती, त्यामुळे त्यांचं सगळं मला ऐकू यायचं.

"तिला विचार, जेवते का नीट," मागून आवाज आला.

"जेवतेस का नीट, विचारतायत," आई म्हणाली.

"सांग, जेवते."

"जेवते म्हणते."

"सांग तिला, वऱ्हाडात ऊन फार. डोक्याला काहीतरी बांधत जा म्हणावं."

"आई, मला आज पहिली खरी केस मिळाली!" मी मध्येच ओरडले. "एका बाईशी बकरी बोलते."

आईनं ते पुढे पोचवलं. 

"सांग तिला," वडील म्हणाले, "जपून."

शनिवारी सकाळी मी आणि शेवंतामावशी काळीपिवळी जीपमध्ये बसून सिंधूच्या गावाला गेलो. मावशींचं माहेर तेच. मांडीवर माझं लाल पुठ्ठ्याचं जाड पुस्तक होतं. मावशींनी ते एकदा उचलून बघितलं आणि म्हणाल्या, "यानं कूलर झाकता येते."

गावंड्यांचं घर दोन खोल्यांचं. पुढे शेणानं सारवलेलं अंगण. एका कोपऱ्यात बाजेवर सिंधूचे सासरे पुंडलिकराव बसले होते. धोतर, बंडी, पांढरी टोपी आणि मांडीवर झोपलेली नात. दुसऱ्या कोपऱ्यात चुलीपाशी सिंधू, डोक्यावर नाकापर्यंत पदर. दोघांच्या बरोबर मध्ये खुंट्याला एक काळी-पांढरी बकरी बांधलेली. नवरा ट्रकवर होता, पंधरा-पंधरा दिवस घरी येत नसे.

आम्ही दाराशीच होतो, तेवढ्यात सिंधू बकरीकडे बघून म्हणाली, "चंपे, पाहुने आले म्हना. च्या ठेवू का इचार."

पुंडलिकराव बकरीकडे बघून म्हणाले, "चंपे, इचाराची गोष्ट हाये का? ठेव म्हना. साखर जरा बरी टाक म्हना, पुण्याच्या हायेत."

बकरी रवंथ करत होती.

सासरासुद्धा! एकाच घरात दोघांना एकच भ्रम! पुस्तकात यावर अख्खं प्रकरण होतं. फार दुर्मीळ, असं तिथं लिहिलं होतं. चहा येईपर्यंत माझ्या मनात या विषयावरचा निबंध लिहून झाला होता, तो मी दिल्लीच्या परिषदेत वाचत होते आणि पहिल्या रांगेत वडील बसले होते.

मग मी उपचाराला हात घातला. आधी भ्रमाचं मूळ दूर करायचं. मी जाऊन बकरीचं दावं सोडलं आणि तिला ओढत घरामागे नेऊ लागले. चंपीला ते पटलं नाही. तिनं दोन पावलं मागे घेतली आणि माझ्या मांडीत अशी धडक दिली की मी कडब्यात बसले. मावशी सुपारी थुंकायला म्हणून पलीकडे वळल्या, पण त्यांचे खांदे हलत होते. शेवटी बकरीनं कडबा खायला सुरुवात केली आणि तिला घरामागेच बांधून मी अंगणात आले.

"सिंधूताई, इकडे या. सासऱ्यांच्या समोर उभ्या राहा."

सिंधू जागची हलली नाही.

"दाखला हवाय ना तुम्हाला?"

हे मी म्हणाले. आज लिहितानासुद्धा माझी मान खाली जाते, पण मी म्हणाले. सिंधू आली. बाजेपासून चार हातांवर, जमिनीकडे बघत उभी राहिली.

"आता पदर मागे घ्या. त्यांच्या डोळ्यांत बघा. आणि 'मला' या शब्दानं सुरू होणारं एक वाक्य बोला. मला असं वाटतं, मला हे हवंय. जे मनात असेल ते."

पुंडलिकरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. अंगणात साप निघाला असता तरी ते एवढे दचकले नसते. सिंधूनं पदर जेमतेम कपाळापर्यंत नेला.

"मामाजी," ती पुटपुटली, "मले... मले वाटते..."

एवढंच. पुंडलिकराव ताडकन उठले. नात मावशींच्या हातात दिली, चपला पायात घालायच्या त्या हातात घेतल्या आणि भिंतीकडे तोंड करून, आडव्या पावलांनी, अंगणाबाहेर निघून गेले. जाताना भिंतीला म्हणाले, "या घरात आता माह्यं तोंड दाखवाची सोय राह्यली नाही."

सिंधू मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. "गेली माही नोकरी," ती म्हणत होती. "अन् मामाजीही गेले. काय केलं जी म्याडम तुम्ही हे?"

"मी मोकळं बोलायला..." मी सुरुवात केली.

"म्याडम," शेवंतामावशी म्हणाल्या. माझ्याशी त्या कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "सून सासऱ्यासंग तोंडातोंडी बोलत नाही आमच्याकडे. सासऱ्याची अब्रू असते थे. आता नवीन पोरी बोलतात, पन या घरात अजून पाळतात. मधात सासू असते, तिच्या मार्फत चालते सारं. हिची सासू दोन सालाआधी गेली. नवरा ट्रकवर. लेकरू लहान. मंग बोलाव कोनाच्या मार्फत?"

मी घरामागे बघितलं. चंपी कडबा खात होती.

"म्हणजे... बकरी बोलत नाही?"

"बकरी कशी बोलन वो बाई?" मावशींनी कपाळाला हात लावला. "येड लागलं का तुमाले?"

सिंधू रडता रडता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याबद्दल काय समजत होते, हे तिला त्या क्षणी कळलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिला माझीच कीव आली.

"पण असं एखाद्या जनावराकडे बघून, दुसऱ्याच कुणासाठी बोलायचं..." मी चाचरत म्हणाले. हार मानायला मला नेहमीच वेळ लागतो.

"तुम्ही त्या खाली खुर्चीसंग बोलाले लावता लोकायले," मावशी म्हणाल्या, "तं आमच्या बकरीनं तुमचं काय घोडं मारलं?"

मी घरामागे जाऊन चंपीला आणलं आणि परत तिच्या खुंट्याला बांधलं.

दुपारी धावतपळत दवाखान्यात आले आणि डॉक्टरांच्या क्वार्टरवर जाऊन सगळं सांगितलं. ते जेवत होते. ऐकता ऐकता त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर मात्र गंभीर झाले.

"चिठ्ठी तुम्ही लेखी दिली आहे, आवक-जावकला लागली आहे. ती अशी फाडून टाकता येत नाही. घरातला वडीलधारा माणूस माझ्यासमोर आणा. सून भानावर आहे, घर सांभाळते, एवढं त्यानं तोंडानं सांगावं. मी तसा शेरा मारतो, तुम्ही शिक्का मारा. सोमवारी बाराच्या आत."

"सासऱ्याशिवाय कुणी..."

"नवरा येतोय का?"

नवरा हैदराबादेच्या रस्त्यावर कुठंतरी होता. आणि सासरा मारुतीच्या पारावर चपला शेजारी ठेवून बसला होता. घरी यायला तयार नव्हता.

रविवारी मी पुन्हा त्या गावात गेले. पुस्तक नेलं नाही. पारावर पुंडलिकराव होते आणि आजूबाजूला गावातले सात-आठ लोक, ज्यांना रविवारी दुसरं काही काम नव्हतं. मी गेले तशी पुंडलिकरावांनी माझ्याकडे पाठ केली.

"बाबा, माझी चूक झाली," मी म्हणाले.

पाठ हलली नाही.

"सिंधूताईंची नोकरी जाईल हो माझ्यामुळे. तुम्ही उद्या डॉक्टरांसमोर फक्त दोन वाक्यं बोला."

पाठ तशीच. पारावरचा एकजण म्हणाला, "कालपासून आमच्यासंगही बोलून नाही राह्यले. लय लागलं त्यायले."

इतक्यात शेवंतामावशी आल्या. त्यांच्या हातात दावं होतं आणि दाव्याला चंपी. त्यांनी बकरी आणून माझ्या आणि त्या पाठीच्या मध्ये उभी केली.

"हं, बोला," त्या म्हणाल्या.

"मी? हिच्याशी?"

"मंग का मी बोलू? चूक तुमची हाये."

पारावरचे सगळे सरसावून बसले. मी एम. ए. होते. विद्यापीठात तिसरी आले होते. मी बकरीसमोर उकिडवी बसले आणि घसा साफ केला.

"चंपी, कृपया बाबांना असं सांग की..."

"बकरीले किरपया कायले?" मागून कुणीतरी म्हणालं.

"चंपे," मी पुन्हा सुरुवात केली, "बाबांना सांग, म्याडम चुकली. म्याडमला वाटलं, जे तिला समजत नाही ते सगळं वेड. सांग, सिंधूताईंचा काही दोष नाही, त्या दाखल्याच्या भीतीनं बोलल्या. भीती म्याडमनं घातली. आणि सांग, उद्या बाबा आले नाहीत तर ती जागा जाईल, आणि म्याडमला जन्मभर..." इथं माझा आवाज चिरकला. ते नाटक नव्हतं. मला खरंच रडू यायला लागलं होतं, आणि चंपी माझ्या ओढणीचं टोक चघळत होती.

मग पुंडलिकराव सावकाश वळले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"चंपे," ते म्हणाले, "म्याडम जेवल्या का इचार."

मी जेवले नव्हते. मी मान हलवली.

"चंपे, म्याडमले घरी घेऊन ये म्हना. सुनेले म्हना, भाकरी टाक. अन् उद्याचं म्हना, म्या येतो. पन तूही चाल संग. तुह्याबिगर सुनेसमोर माह्याच्यानं बोलनं होनार नाही."

सोमवारी सकाळी काळीपिवळीवाल्यानं बकरी घ्यायला नकार दिला. शेवंतामावशींनी त्याला गाडीच्या पलीकडे नेऊन तो लहानपणी कुठल्या दुखण्यासाठी दवाखान्यात आला होता याची आठवण करून दिली. मग चंपी पुढच्या सीटवर बसून आली. वाटेत गाडी दोनदा पंक्चर झाली आणि आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. दाखला जिथं द्यायचा ते पंचायत समितीचं ऑफिस रस्त्याच्या पलीकडे होतं. तिथल्या पायरीवर सरपंचांची भावजय नव्या साडीत येऊन बसली होती.

डॉक्टरांच्या खोलीत त्यांच्या टेबलासमोर पुंडलिकराव, दाराशी सिंधू, तिच्यामागे मुलीला घेऊन मावशी, आणि मध्ये चंपी. टेबलावर माझी चिठ्ठी. डॉक्टर काहीतरी शोधायला वाकले तशी चंपीनं टेबलावर तोंड टाकलं. माझ्या मनात आशेचा किरण चमकला. खाऊन टाक, मी मनातल्या मनात म्हणाले, खाऊन टाक गं बाई. चंपीनं चिठ्ठी हुंगली, एकदा चाटली आणि तोंड फिरवलं.

"जनावरालासुद्धा पचलं नाही," डॉक्टर म्हणाले. "बोला बाबा. सून कशी आहे तुमची?"

पुंडलिकरावांनी टोपी काढली, परत घातली. मग ते बकरीकडे वळले.

"चंपे, सायबाले सांग, मले जास्त बोलता येत नाही." ते थांबले. "बुढी गेली त्या दिवसापासून घरात दोन मानसं होती अन् आवाज कोनाचाच नोता. तीन महिने, सांग. सून ताट सरकवून देये, म्या खाऊन घेये. भाजी अळनी असली तरी खाऊन घेये. सांगाव कोनाले? एखांद्या दिवशी वाटे, म्या हाओ का मेलो, हेही कोनी सांगनारं नाही. मंग एक दिवस हे बाई तुह्यापाशी आली. आठवते का तुले? म्हने, 'चंपे, इचार बरं, भाजी कशी झाली.' तवा मले समजलं, घरात मानूस हाये."

त्यांनी बकरीच्या पाठीवरून हात फिरवला.

"सायबाले सांग चंपे, घरात येडं कोनी असन तं थो म्या होतो. तीन महिने गप बसलो. शहानी हेच. हिले शिक्का देऊन टाका म्हना."

सिंधूनं कधीच तोंडावर पदर घेतला होता. पदराच्या आतून तिचा रडका आवाज आला, "चंपे, म्हना आता बस करा. सायबायले उशीर होऊन राह्यला."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग शेरा लिहिला, कागद माझ्यापुढे सरकवला आणि का कुणास ठाऊक, बकरीकडे बघून म्हणाले, "चंपे, म्याडमना सांग, शिक्का मारा."

मी शिक्का पॅडवर जोरात दाबला आणि घाईघाईनं कागदावर मारला, तो तिरका पडला आणि शाई पसरली. 'मानसिकदृष्ट्या' एवढंच वाचता येत होतं. सिंधूनं कागदाला फुंकर मारली, घड्याळ बघितलं आणि पदर खोचून धावत सुटली. बाराला सात मिनिटं होती. खिडकीतून आम्ही सगळे बघत होतो. पायरीवरची नवी साडी उठून उभी राहिली, थोडा वेळ तशीच थांबली आणि बसस्टँडकडे चालू लागली.

पुंडलिकरावांनी नातीला मावशींकडून घेतलं. जाताना चंपीला म्हणाले, "म्याडमले म्हना, येत जा जेवाले."

संध्याकाळी मी बूथवर गेले.

"तिला विचार, जेवते का नीट," नेहमीचा आवाज मागून आला. चौदा महिने मी त्या आवाजावर चिडत होते. त्या दिवशी मी रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरला.

"आई, बाबांना सांग, जेवले. भाकरी आणि झुणका. आणि सांग, आज माझा पहिला शिक्का चालला. पण शाई पसरली."

आईनं सगळं पोचवलं. मागे आरामखुर्ची करकरली.

"सांग तिला, शिक्का पॅडवर दाबायचा नसतो. नुसता टेकवायचा. कागदाखाली जाड वही ठेवायची. छत्तीस वर्षं मारलेत म्हणावं."

"शिक्का टेकवायचा म्हणतात, आणि खाली..."

"ऐकलं मी, आई. सांग, उद्यापासून जाड पुस्तक ठेवते. आहे माझ्याकडे एक."

"तिला सांग, आणि..."

"अहो, पुरे!" आई एकदम कडाडली. "तुम्ही बापलेक एकमेकांशी बोला की सरळ. चौदा महिने नुसतं सांग तिला, सांग त्यांना. मी कोण आहे इथं?"

"आई," मी म्हणाले, "तू बकरी आहेस."

मग फोनमध्ये खरखर झाली, कुणीतरी कुणाच्या तरी हातातून काहीतरी घेतल्यासारखी, आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा तो आवाज थेट माझ्या कानात आला.

"काय गं, आईला बकरी म्हणालीस?"

"हो बाबा," मी म्हणाले. "सांगते. वेळ आहे ना?"